सहाव्या वर्षी अमेरिकेत आणलेल्या मुलीला नागरिकत्व मिळेल का?

न्यू जर्सीतल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मुलगी सहा वर्षांची असताना, २०१४ मध्ये, आम्ही तिघं व्हिजिटर व्हिसावर आलो आणि परत गेलो नाही. आता तिला सतरा पूर्ण झाली, बारावीत आहे. धाकटा मुलगा इथेच जन्मला, आठ वर्षांचा आहे. आमच्याच इमारतीत एक कुटुंब राहतं, ते मेक्सिकोची सीमा ओलांडून आलं. त्यांचा मुलगा हिच्याच वर्गात. एक एजंट म्हणतो, दोघांचाही 'डाका' (DACA, हद्दपारीपासूनची सवलत) करून देतो. चूक आमची आहे, पोरांची नाही. त्यांना नागरिकत्व मिळेल का?"

एजंटापासून सुरुवात करते, कारण तिथे पैसे जायची घाई आहे. पैसे देऊ नका. डाका ही सवलत १५ जून २०१२ रोजी ओबामांच्या काळात जाहीर झाली. सोळा वर्षं पूर्ण होण्याआधी अमेरिकेत आलेल्या मुलांना दोन-दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून दिलासा आणि कामाची परवानगी, एवढंच तिचं स्वरूप. पण त्यात एक अट आहे: १५ जून २००७ पासून तुम्ही सलग इथे राहत असला पाहिजे. ही तारीख नंतर कधीच पुढे सरकली नाही. तुमची मुलगी २०१४ ला आली. तिचा डाका होऊच शकत नाही, कोणी कितीही फी घेतली तरी. आज बारावीत असलेली मुलं २००७-०८ च्या आसपास जन्मलेली, म्हणजे त्यांच्यातल्या जवळजवळ कोणालाच ही सवलत लागू होत नाही. शेजाऱ्यांच्या मुलाचंही तेच समजा.

आणि जे पात्र आहेत, पण ज्यांनी वेळेत अर्ज केला नाही, त्यांनाही आज नव्याने डाका मिळत नाही. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने तो गुंडाळायचं ठरवलं. जून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती पद्धत चुकीची ठरवली. मग जुलै २०२१ मध्ये टेक्सासच्या एका फेडरल न्यायाधीशांनी डाकाच बेकायदा ठरवून नव्या मंजुऱ्या थांबवल्या. जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल बराचसा टेक्सासपुरता आखडता घेतला, पण जुन्यांचं नूतनीकरण चालू आणि नव्यांना मंजुरी नाही, हे चित्र मी लिहितेय तेव्हाही तसंच आहे. सरकार नवा अर्ज घेतं आणि ठेवून देतं. एजंटांचा धंदा याच फटीत चालतो. पावती खरी असते, तिच्यापुढे काही नसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. अमेरिकेच्या कायद्यात "मला लहानपणी आणलं, माझा दोष नव्हता" हा नागरिकत्वाचा आधार नाही. हे वाक्य मी गेली वीसहून जास्त वर्षं आईबापांना सांगते आहे आणि अजूनही ते सांगताना घसा दाटतो. असा आधार देणारं 'ड्रीम ॲक्ट' हे विधेयक पहिल्यांदा २००१ मध्ये सेनेटमध्ये आलं, डेमोक्रॅट डिक डर्बिन आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच या दोघांनी मिळून आणलेलं. अशा मुलांसाठी वापरतात तो 'ड्रीमर' हा शब्द त्यातूनच आला. डिसेंबर २०१० मध्ये प्रतिनिधिगृहात ते मंजूर झालं आणि सेनेटमध्ये ५५ मतांवर अडलं. हवी होती ६०. त्या शनिवारी माझ्या ऑफिसात चार मुलं लॅपटॉपसमोर बसली होती. मतमोजणी संपल्यावर त्यातल्या एकीने काहीच न बोलता आपला पदवीच्या अर्जाचा फॉर्म पुन्हा उघडला आणि भरायला लागली. २०१३ मध्ये सेनेटने ६८ विरुद्ध ३२ अशा भक्कम मतांनी इमिग्रेशन सुधारणांचा मोठा कायदा मंजूर केला. प्रतिनिधिगृहाने तो मतदानालाच घेतला नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये उलट झालं, प्रतिनिधिगृहाने मंजूर केलं आणि सेनेटमध्ये अडलं. २००१ मध्ये आठ वर्षांची असलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली. तेव्हा विधेयकाकडे डोळे लावून मुलीचं आयुष्य आखू नका. झालं तर आनंदच, पण आखणी आजच्या कायद्यावर करायची.

आजच्या कायद्यात नागरिकत्व ही शेवटची पायरी आहे. तिच्या आधी ग्रीन कार्ड लागतं. ग्रीन कार्ड हाती आलं की पाच वर्षांनी, आणि अमेरिकी नागरिकाशी लग्न करून त्याच्यासोबत राहत असाल तर तीन वर्षांनी, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो टप्पा बहुतेकांना फारसा जड जात नाही. अडतं सगळं ग्रीन कार्डापाशी. आणि ग्रीन कार्डाचा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो "किती वर्षांची होतीस?" हा नाही. तो विचारतो, "आत कशी आलीस?"

इथे एकाच वर्गातल्या त्या दोन मुलांच्या फाइली वेगळ्या होतात. तुमची मुलगी विमानतळावर उतरली, अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, शिक्का मारला. पुढे तुम्ही मुदत संपूनही राहिलात, तरी कायद्याच्या भाषेत तिचा प्रवेश तपासून झालेला आहे. अशी व्यक्ती अमेरिकी नागरिकाची पत्नी झाली, तर देश न सोडता इथल्या इथे ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकते. मधली मुदतबाह्य वर्षं, परवानगीशिवाय केलेलं काम, हे या एका नात्यासाठी कायदा माफ करतो. शेजाऱ्यांचा मुलगा कोणाच्याही नजरेसमोरून न जाता कुंपण ओलांडून आला असेल, तर त्याला ही सोय नाही. तोही उद्या नागरिक मुलीशी लग्न करेल, तितकंच खरं प्रेम असेल, पण त्याला ग्रीन कार्डासाठी देशाबाहेर जाऊन आपल्या देशातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत द्यावी लागेल. आणि बाहेर पाऊल टाकताच दहा वर्षांची बंदी अंगावर येईल. त्या बंदीवर माफीचा अर्ज २०१३ पासून बाहेर पडण्याआधीच इथून करता येतो. त्यात नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला अथवा आईवडिलांना अतोनात त्रास होईल, हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. मुलांना होणारा त्रास थेट धरत नाहीत. हे काम व्हायला वर्षं लागतात. होत नाही असं नाही, माझ्या हातून बरीच झाली आहेत.

पण "सीमेवरून आला" या शब्दांवर मी कधीच थांबत नाही. कसा, ते विचारते. एका मुलाच्या आईने मला पहिल्या भेटीत सांगितलं, आम्ही चोरून आलो. तिसऱ्या भेटीत कळलं की ते एका गाडीतून सीमेवरच्या अधिकृत चौकीतून आले होते. मुलगा मागच्या सीटवर चादर पांघरून झोपला होता. अधिकाऱ्याने चालकाशी दोन शब्द बोलून गाडी पुढे जाऊ दिली. २०१० मध्ये इमिग्रेशनच्या अपील मंडळाने अशाच हात दाखवून सोडलेल्या गाडीच्या प्रकरणात निवाडा दिला, की अधिकाऱ्यासमोर हजर होऊन त्याने आत सोडलं असेल, तर काही प्रश्न विचारले नसले तरी तो प्रवेश तपासलेलाच धरायचा. पुरावा जमवायला आम्हाला आठ महिने लागले: चालकाचं प्रतिज्ञापत्र, गाडीची नोंदणी, पलीकडच्या गावातल्या धर्मशाळेची पावती. त्या झोपेने मुलाची फाइल पालटली. तेव्हा शेजाऱ्यांना आठवायला सांगा, वाळवंटातून चालत की चौकीतून. आणि सीमेवर पकडले गेले होते का, बोटांचे ठसे घेतले का, हातात काही कागद दिला का. डंकीच्या, म्हणजे दलालांच्या चोरट्या, वाटेने आलेल्या कित्येक कुटुंबांना कोर्टाची तारीख दिलेली असते. पत्ता बदलतो, तारीख कळत नाही, आणि गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम होऊन जातो, लहान मुलाच्या नावानेसुद्धा. तो हुकूम आहे की नाही हे कोर्टाच्या नोंदीत तपासल्याशिवाय त्या मुलाचा एकही अर्ज कुठे पाठवू नये.

तुमच्या मुलीसाठी माझ्या मते सगळ्यात तातडीची गोष्ट एक तारीख आहे. तिचा अठरावा वाढदिवस आणि त्यानंतर १८० दिवस. अठरा पूर्ण होईपर्यंत मुलांचं अनधिकृत वास्तव्य मोजायला सुरुवातच होत नाही. सहाव्या वर्षापासूनची ही सगळी वर्षं त्या हिशोबात शून्य आहेत. अठराव्या वाढदिवशी मीटर पडतो. १८० दिवसांहून जास्त झाले आणि मग ती देशाबाहेर गेली, तर तीन वर्षं परत येता येणार नाही. एक वर्ष किंवा जास्त झालं, तर दहा. याचा अर्थ, त्या साडेअठराच्या आत ती भारतात गेली, तर ही बंदी तिला लागतच नाही. तिथे शिकून उद्या नोकरीच्या किंवा लग्नाच्या व्हिसावर ती स्वच्छ पाटीने अर्ज करू शकते.

जा म्हणत नाही मी. हे वाचून तुमच्या पोटात कालवलं असेल, माहीत आहे. सहाव्या वर्षी सोडलेला देश तिच्यासाठी परका आहे. स्टुडंट व्हिसा मिळण्याची शक्यता अशा मुलांना कमी असते, कारण ती शिकून परत जाईल यावर दूतावासातला अधिकारी विश्वास ठेवत नाही, आणि तिचं सगळं घर इथे आहे. काहींनी हा रस्ता घेतला आणि परत आले. काही अजून तिकडेच आहेत. बहुतेक जण इथेच राहायचं ठरवतात, आणि तो निर्णयही समजण्यासारखा आहे. पण राहायचं ठरवणं वेगळं आणि तारीख माहीतच नसल्यामुळे ती उलटून जाणं वेगळं. माझ्याकडे एकोणीस-वीस वर्षांची मुलं येतात आणि म्हणतात, हे कोणी आधी का नाही सांगितलं. म्हणून ही तारीख आज कॅलेंडरवर लिहा.

राहिली, तर काय वाटा? लग्नाचं वर आलंच. त्यावर एवढंच सांगते की खोटं लग्न पुढच्या प्रत्येक अर्जाला कायमचं बाधतं, नंतर खरं लग्न केलं तरी. "एखादा मुलगा बघू का?" असं विचारणाऱ्या आया मला भेटतात, आणि मी त्यांना मुलीला बाहेर बसवून नीट समजावते. लग्न तिचं तिने, तिला वाटेल तेव्हा करावं. ते घडलं तर तिच्या प्रवेशाचा शिक्का उपयोगी पडेल.

धाकट्याचं म्हणाल, तर तो इथे जन्मलेला नागरिक. २१ व्या वर्षी तो आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो, आणि तुम्ही दोघं शिक्का मारून आलेले असल्याने तुम्हाला इथूनच ग्रीन कार्ड मिळू शकतं. बहिणीसाठी मात्र भावाचा अर्ज भारतीयांच्या बाबतीत फार लांब रांगेत जातो आणि मुदतबाह्य राहिलेल्यांना इथून ग्रीन कार्ड घ्यायची सोय त्या रांगेत नाही. तरी साखळी बघा: तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालं की तुम्ही अविवाहित मुलीसाठी अर्ज करू शकता, आणि मघाशी सांगितलेल्या माफीच्या अर्जात ज्याचा त्रास मोजला जातो ते आईवडील तुम्हीच असाल. आजपासून तेरा वर्षांनंतर सुरू होणारी वाट आहे ही. लांब आहे, पण कागदावर पक्की दिसणाऱ्या थोड्या वाटांपैकी आहे.

बाकीच्या वाटा मी प्रत्येक मुलाला विचारतेच. आईवडिलांपैकी कोणी छळलं किंवा टाकून दिलं असेल, तर राज्याच्या कौटुंबिक न्यायालयाच्या हुकमावर आधारलेला अल्पवयीनांचा वेगळा मार्ग असतो. २१ च्या आत आणि लग्नाआधी हालचाल लागते. शेजाऱ्यांच्या मुलाचे वडील सोबत नसतील तर हे जरूर तपासावं, कारण त्यात कुंपण ओलांडून येणं आड येत नाही. गंभीर गुन्ह्याची झळ बसली असेल आणि पोलिसांना मदत केली असेल, तर यू व्हिसा आहे, वर्षाला फक्त १०,००० मिळतात, रांग मोठी. दुकानांवर लुटीचं नाटक रचून हा व्हिसा मिळवल्याबद्दल फौजदारी खटले झाले आहेत आणि आरोपींत आपले लोकही होते. कोणी तसं सुचवलं तर तिथून उठून या. तुमच्या मोठ्या भावंडाने किंवा कोणा मालकाने ३० एप्रिल २००१ रोजी किंवा त्याआधी तुमच्यासाठी काही अर्ज भरला होता का, तेही आठवा. तसा असेल आणि बाकीच्या अटी बसल्या, तर १,००० डॉलर दंड भरून इथूनच ग्रीन कार्ड घेण्याची जुनी तरतूद अजून चालते. पण तुमच्या मुलीचा जन्म त्याच्या नंतरचा, त्यामुळे तिला त्याचा लाभ तुमच्यामार्फत मिळतो का, हे त्या अर्जाचा कागद हातात घेऊनच सांगता येईल.

ज्यांच्याकडे डाका आधीपासून आहे त्यांच्यासाठी एक वेगळी वाट आहे. पूर्वपरवानगी घेऊन आजारी आजीला भेटायला किंवा शिक्षणासाठी बाहेर जाऊन आलं, की परतताना अधिकृत शिक्का बसतो. लहानपणी कुंपण ओलांडलेल्यालाही मग लग्नाच्या आधारावर इथून अर्ज करता येतो. अशा प्रवासाने दहा वर्षांची बंदी लागत नाही, हा २०१२ चा निवाडा एका भारतीय दाम्पत्याच्या प्रकरणात झालेला आहे. तुमच्या मुलीला ही वाट नाही, पण ओळखीत कोणाला असेल तर त्यांनी वकिलाशी बोलल्याशिवाय विमानात बसू नये. सध्याच्या दिवसांत तर नाहीच.

आता ज्यासाठी मला हे उत्तर खरं तर लिहायचं होतं ते सांगते. वाटा उघडायच्या आधी बंद होतात त्या सहीने. माझ्या एका अशिलाने, नाव सांगत नाही, सतराव्या वर्षी एका गोदामात सुट्टीतली नोकरी धरली. नोकरीला लागताना आय-९ नावाचा फॉर्म भरतात. त्यात चार चौकोन असतात, पहिला चौकोन: मी अमेरिकेचा नागरिक आहे. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, इथे टिक कर आणि सही कर. त्याने केली. नऊ वर्षांनी नागरिक पत्नीसोबत तो मुलाखतीला बसला. प्रवेशाचा शिक्का होता, लग्न खरं होतं, कॉलेजची पदवी होती. अधिकाऱ्याने विचारलं, नोकरी लागताना काय सांगितलं होतंस? तो मुलगा खोटं बोलला नाही. ग्रीन कार्ड नाकारलं गेलं. नागरिक असल्याचा खोटा दावा १९९६ च्या कायद्याने कायमची अपात्रता ठरवला आहे, आणि ग्रीन कार्डासाठी त्याला माफीचा अर्जच नाही. गुन्हेगाराला काही बाबतींत माफी आहे, याला नाही. त्याच्या बायकोने मला विचारलं, एका टिकमुळे? मी हो म्हणाले.

न्यू जर्सीत मे २०२१ पासून कागद नसलेल्यांनाही वाहन परवाना मिळतो, तुमची मुलगी काढेलच. तिथे खिडकीवर विचारतात, मतदार नोंदणी करायची का? नाही म्हणायचं. आपोआप नोंदवून टाकलं तर कागद घेऊन लगेच रद्द करायचं. कॉलेजच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना असेल तर खरं लिहायचं. इथल्या राज्याच्या फीचा दर २०१३ च्या कायद्याने आणि राज्याची आर्थिक मदत २०१८ पासून अशा मुलांना मिळते, त्यासाठी खोटं बोलायची गरज नाही. केंद्राची मदत मिळत नाही, तिचा फॉर्म भरू नये. शाळेचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच ठरवून दिलं आहे की बारावीपर्यंत तिला कोणी अडवू शकत नाही. दारू पिऊन गाडी चालवणं, दुकानातून एखादी वस्तू उचलणं, गांजाची पुडी, या गोष्टी तिच्या वर्गातल्या इतरांना दंडावर सुटतात. तिला त्यांचं मोल वेगळं आहे. गांजा न्यू जर्सीत कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात नाही, आणि ग्रीन कार्ड देणारं सरकार केंद्राचं आहे.

यातलं काहीही पाळायचं, तर तिला स्वतःची स्थिती ठाऊक हवी. तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. तिला सांगितलंय का? कित्येक मुलांना परवाना काढायच्या दिवशी किंवा कॉलेजचा फॉर्म भरताना कळतं, आणि मग ती घाबरून मैत्रिणीच्या सल्ल्याने चौकोनात टिक करून मोकळी होतात. आईबापांना वाटतं, ताण कशाला द्यायचा. पण सही तिची असणार आहे. या आठवड्यात सांगा, शक्यतो दोघांनी मिळून, आणि "आमची चूक" हे मला लिहिलंत तसं तिलाही म्हणा.

मग एखाद्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाकडे जा, अठराव्या वाढदिवसाच्या आधी. दाखल होणारा प्रत्येक अर्ज सरकारला तुमचा पत्ता देतो, म्हणून "भरून बघू" असं काही करू नका. वकिलाने तिच्याशी दहा मिनिटं एकटीशी बोलायचा आग्रह धरला तर राग मानू नका. तुमच्यासमोर न सांगितलेली एखादी गोष्ट तिची वाट असू शकते.

वकिलाकडे जाताना तिचा तो पहिला पासपोर्ट न्या. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, म्हणजे तो कधीच संपला. नूतनीकरणाच्या वेळी भारतीय वाणिज्य दूतावासाने कोपरा कापून परत दिला असेल आणि तुम्ही तो निरुपयोगी समजून कुठे तरी टाकला असेल. २०१३ पासून विमानतळावर कागदी आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद असलेली चिठ्ठी, देणं बंद झालं, त्यामुळे २०१४ च्या तिच्या प्रवेशाचा घरात असलेला एकमेव पुरावा तो शिक्काच आहे. सरकारी नोंद मागवता येते, पण त्याला महिने लागू शकतात. आधी घर शोधा, बॅगांचे आतले कप्पे, देव्हाऱ्याखालचा खण, जुन्या कपड्यांची पेटी. सापडला की प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, कोऱ्या पानांचासुद्धा.